रंग किती पुरेत? संगणकाचा पडदा आणि आपला डोळा

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी पनवेलहून दक्षिणेकडे पाहावे. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका काळसर दिसतो आणि त्याच्यामागे आकाशाचा निळा रंग क्षितिजापासून वर जाताना हळूहळू गडद होत जातो. हा बदल इतका सलग असतो की फिकट निळा कोठे संपला आणि गडद निळा कोठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. अशाच दृश्याचे छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर किंवा वर्गातल्या प्रोजेक्टरवर मोठे करून पाहिले, तर पुष्कळदा आकाश सलग दिसत नाही. निळ्या रंगाचे रुंद पट्टे एकावर एक रचून ठेवल्यासारखे ते दिसते.

संगणकाच्या माहितीपत्रकात तर लिहिलेले असते की हा पडदा १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो. माणसाच्या डोळ्याला एकमेकांपासून वेगळे ओळखता येतील असे रंग एकूण किती, याचाही हिशेब शास्त्रज्ञांनी केलेला आहे. पॉइंटर आणि अ‍ॅट्रिज या दोघांनी १९९८ मध्ये हा आकडा सुमारे २३ लाख काढला. काही जुने अंदाज १ कोटीपर्यंत जातात. त्यांतला मोठा आकडा घेतला, तरी तो पडद्याच्या आकड्याहून लहानच आहे. म्हणजे डोळ्याला कळतात त्याहून जास्त रंग पडद्यापाशी आहेत, आणि तरीही आकाशात पट्टे दिसतात. हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांची मदत लागते. म्हणूनच वर्गात चर्चेला घेण्यासाठी हा विषय चांगला आहे.

रंग म्हणजे तीन संख्या

प्रकाशाचा गुणधर्म म्हणजे त्याची तरंगलांबी. पण ‘रंग’ ही प्रकाशात असलेली वस्तू नव्हे. ती डोळा आणि मेंदू यांनी मिळून तयार केलेली जाणीव आहे. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाही. सुमारे ६० लाख शंकुपेशी पुरेशा प्रकाशात काम करतात आणि रंगाची जाणीव त्यांच्यामुळे होते. या शंकुपेशी तीन जातींच्या असतात. एक जात ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या, दुसरी ५३० च्या आसपासच्या आणि तिसरी ५६० च्या आसपासच्या तरंगलांबीला सर्वांत जास्त प्रतिसाद देते. डोळ्यात कसलाही प्रकाश शिरला, तरी मेंदूकडे जाते ती या तीन जातींच्या प्रतिसादांची माहिती.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दोन अगदी भिन्न प्रकारचे प्रकाश तिन्ही जातींना सारखेच उत्तेजित करत असतील, तर डोळ्याला ते एकाच रंगाचे दिसतील. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. हा सोडियमचा प्रकाश असून त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर असते. पडद्यावरचा पिवळा रंगही पिवळाच दिसतो; पण तो लाल आणि हिरव्या प्रकाशांच्या मिश्रणाने तयार केलेला असतो. डोळ्याला हा भेद कळू शकत नाही.

तीन ग्राहकांची ही कल्पना टॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ती पडद्यावर करून दाखवली. एका रंगीत फितीची लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन कृष्णधवल छायाचित्रे त्यांनी त्याच रंगांच्या प्रकाशात एकमेकांवर पाडली आणि पडद्यावर रंगीत चित्र उमटले. दूरदर्शन संच, संगणक आणि मोबाइल यांचे पडदे याच तत्त्वावर चालतात.

काही जणांच्या डोळ्यांत या तीन जातींपैकी एक जात नसते किंवा तिचा प्रतिसाद सरकलेला असतो. अशा व्यक्तींना बहुधा लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो मुलग्यांत जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. भारतातल्या पाहण्यांत ते त्याहून कमी आढळले असले, तरी पन्नास मुलांच्या वर्गात असा एखादा मुलगा असणे मुळीच अशक्य नाही. पडद्याचे रंग कितीही वाढवले तरी त्याला त्याचा उपयोग होत नाही. नकाशात किंवा आलेखात केवळ लाल आणि हिरव्या रेषांनी भेद दाखवण्याऐवजी एक रेषा सलग व दुसरी तुटक काढली, तर मात्र होतो.

बिटांचा हिशेब

पडद्यावरचे चित्र बारीक चौकोनी बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग संगणकाला संख्येने लक्षात ठेवावा लागतो, आणि ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ या अंकांनी लिहिलेली असते. असा एक अंक म्हणजे एक बिट. एका पिक्सेलसाठी एकच बिट ठेवला तर दोनच पर्याय उरतात: काळा किंवा पांढरा. दोन बिटांना चार, तीन बिटांना आठ, आठ बिटांना २५६ पर्याय. दर बिटागणिक पर्याय दुप्पट होतात. एका पिक्सेलच्या रंगासाठी किती बिट राखून ठेवले आहेत, त्या संख्येला ‘कलर डेप्थ’ म्हणतात. आपण तिला रंगांची खोली म्हणू.

सुरुवातीच्या संगणकांना ही खोली परवडत नसे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शाळांसाठी संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, तेव्हा निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांत एकूण स्मृती ३२ किलोबाइट असे आणि पडद्यावरच्या चित्रासाठी जास्तीत जास्त २० किलोबाइट मिळत. त्यात तीन मार्ग होते. आडवे ६४० आणि उभे २५६ बिंदू हवे असतील, तर प्रत्येकाला एक बिट, म्हणजे दोनच रंग. आडवे बिंदू ३२० केले, तर दोन बिट आणि चार रंग. ते १६० केले, तर चार बिट. विद्यार्थ्यांना गुणाकार करून पाहायला सांगावे. तिन्ही वेळा उत्तर १,६३,८४० बिट, म्हणजे २०,४८० बाइट येते. बारकावा हवा की रंग, यांतले एकच निवडता येत असे.

१९८७ च्या व्हीजीए पद्धतीत ३२० गुणिले २०० बिंदूंचे चित्र २५६ रंगांत दाखवता येऊ लागले. त्याला ६४,००० बाइट लागतात. पुढे लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाला आठ-आठ बिट देण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. तेव्हा एकूण रंग २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६. माहितीपत्रकातला आकडा तो हाच. या पद्धतीने ६४० गुणिले ४८० बिंदूंचे एक चित्र साठवायला ९,२१,६०० बाइट लागत. त्या काळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर असे एकच चित्र मावे.

मधल्या काळात १६ बिटांची एक तडजोडही वापरात होती. १६ ला तीनने भाग जात नाही. तेव्हा लालला पाच, निळ्याला पाच आणि उरलेला एक बिट हिरव्याला दिला, म्हणजे हिरव्याला सहा झाले. हिरव्यालाच का? कारण उजळपणाच्या जाणिवेत हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. सध्याच्या प्रचलित मानकानुसार पडद्याच्या पांढऱ्या रंगाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. बिट वाटताना अभियंत्यांनी डोळ्याचा कल पाहिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

डोळा बेरीज नव्हे, गुणोत्तर पाहतो

प्रत्येक रंगाला आठच बिट का दिले? आठ बिटांचा एक बाइट होतो आणि तो संगणकाला हाताळायला सोयीचा असतो, हे एक कारण. पण तेवढ्याने भागले नसते. आठ बिट डोळ्याला जवळजवळ पुरतात, हे खरे कारण आहे. आणि ते पुरतात ते एका विशिष्ट युक्तीमुळे.

अंधाऱ्या खोलीत एक पणती जळत असताना दुसरी लावली, तर खोली उजळल्याचे लगेच कळते. शंभर पणत्या जळत असताना आणखी एक लावली, तर फरक जेमतेम जाणवतो. दोन्ही वेळा प्रकाश एका पणतीइतकाच वाढला आहे. पण पहिल्या वेळी तो दुप्पट झाला आणि दुसऱ्या वेळी एक टक्का वाढला. जाणवणारा फरक हा मूळ उद्दीपनाच्या प्रमाणात असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी वजनांवर प्रयोग करून दाखवले, आणि १८६० मध्ये गुस्टाव्ह फेख्नर यांनी त्याला गणिती रूप दिले. मध्यम प्रकाशात डोळ्याला उजळपणातला सुमारे एक टक्का फरक ओळखता येतो. अगदी मंद प्रकाशात हा नियम लागू पडत नाही. तेथे जास्त फरक लागतो.

आता असा पडदा घेऊ की ज्याचा सर्वांत उजळ बिंदू सर्वांत मंद बिंदूच्या शंभरपट आहे. मंद बिंदूची तीव्रता १ आणि उजळ बिंदूची १००. कोठेही पायरी दिसू नये असे वाटत असेल, तर १ च्या जवळ पायरी ०.०१ ची हवी. सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवल्या, तर १ पासून १०० पर्यंत जायला ९,९०० पायऱ्या लागतील. तेरा बिटांत ८,१९२ च मावतात. म्हणजे चौदा बिट लागले. पण यांतल्या बहुतेक पायऱ्या फुकट जातात. १०० च्या जवळ ०.०१ चा फरक म्हणजे एक टक्क्याचा शंभरावा भाग. तो कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही.

याऐवजी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या १.०१ पट ठेवली तर? लॉगॅरिथम वापरून पाहा: १०० चा लॉग २, आणि १.०१ चा लॉग ०.००४३२. भागाकार सुमारे ४६३ येतो. ९,९०० चे काम ४६३ पायऱ्यांत झाले आणि चौदा बिटांच्या जागी नऊ पुरले. अंकगणिती श्रेढी आणि भूमिती श्रेढी यांतला फरक शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रत्यक्ष पडद्यांत अगदी भूमिती श्रेढी नसते. तिच्या जवळ जाणारी घातांकाची पद्धत असते. पडद्यावरचा प्रकाश त्याला दिलेल्या संख्येच्या सुमारे २.२ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. या घाताला गॅमा म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांचा स्वभावच साधारण असा होता, आणि योगायोगाने तो डोळ्याच्या स्वभावाला जुळणारा निघाला. पुढे नळी गेली आणि सपाट पडदे आले, तरी हा संबंध मुद्दाम कायम ठेवला गेला. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या ‘एसआरजीबी’ या पद्धतीत तो पक्का नमूद केलेला आहे. त्यामुळे एक मजेदार गोष्ट होते. ० ते २५५ यांच्या मधली संख्या १२८. पण १२८ दिली असता पडदा पूर्ण प्रकाशाच्या निम्मा नव्हे, तर सुमारे २२ टक्केच प्रकाश देतो. निम्मा प्रकाश हवा असेल, तर संख्या १८८ द्यावी लागते. डोळ्याला मात्र १२८ चा करडा रंगच काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मध्यावर वाटतो.

मग आकाशात पट्टे का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १ कोटी ६७ लाख हा आकडा खरा आहे. पण ते रंग डोळ्याच्या गरजेप्रमाणे वाटलेले नाहीत. लाल २००, हिरवा ५०, निळा ३० हा एक रंग झाला. त्यातला निळा ३१ केला की संगणकाच्या लेखी तो वेगळा रंग झाला. डोळ्याला तो तोच वाटतो. असे लाखो जोड केवळ मोजणीत भर घालतात.

याउलट संध्याकाळच्या आकाशाला या सगळ्या साठ्याचा उपयोगच नसतो. ते एका फिकट निळ्यापासून एका गडद निळ्यापर्यंत एकाच वाटेने जाते. उदाहरणादाखल समजा, क्षितिजापाशी हिरव्याची संख्या ११० आहे आणि चित्राच्या वरच्या कडेपाशी ७४ आहे. मध्ये पायऱ्या फक्त ३६. पडद्यावर पिक्सेलच्या १,०८० ओळी असतील, तर प्रत्येक पायरीच्या वाट्याला ३० ओळी येतात. नेहमीच्या पडद्यावर एक पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. म्हणजे प्रत्येक पट्टा सात-आठ मिलिमीटर रुंद झाला. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या हिरव्या प्रकाशात फरक किती? एसआरजीबीच्या सूत्राने हिशेब केला, तर संख्या २०० च्या आसपास असताना एका पायरीला प्रकाश सुमारे १.१ टक्का बदलतो, ९० च्या आसपास २.३ टक्के आणि ४० च्या आसपास ४ टक्क्यांहून जास्त. डोळ्याची मर्यादा एक टक्क्याची. तेव्हा दुपारच्या उजळ आकाशात जे पट्टे लपून राहतात, ते संध्याकाळच्या आकाशात उघडे पडतात. खोली अंधारी असेल तर आणखीच.

यात डोळाही आपल्या परीने भर घालतो. दृष्टिपटलावरच्या शेजारच्या पेशी एकमेकींचा प्रतिसाद दाबतात. त्यामुळे सलग भागाकडे दुर्लक्ष होते आणि कडा ठळक होतात. दोन करड्या पट्ट्या शेजारी ठेवल्या, तर जोडाजवळ फिकट पट्टीची कड जास्त फिकट आणि गडद पट्टीची कड जास्त गडद भासते. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या परिणामाचा अभ्यास केला. रानात वाघाची कड गवतातून ओळखायला हा गुण उपयोगी पडला असेल. पडद्यासमोर मात्र तो नसलेली ठळक रेघ दाखवतो.

त्यात काही स्वस्त सपाट पडद्यांत प्रत्येक रंगाला प्रत्यक्षात सहाच बिट, म्हणजे ६४ पायऱ्या असतात, आणि मधल्या छटा दोन पायऱ्यांमध्ये झपाट्याने अदलाबदल करून भासवल्या जातात. चित्राची फाइल दाबून लहान केली असेल, तरी पट्टे वाढतात.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. बिट वाढवले म्हणजे पडदा अधिक भडक किंवा अधिक शुद्ध रंग दाखवेल, असे नाही. जिन्याच्या पायऱ्या वाढवल्या म्हणून जिना उंच होत नाही. पायऱ्या तेवढ्या ठेंगण्या होतात. पडद्याच्या तीन मूळ रंगांनी जी हद्द आखली, तिच्या आतलेच रंग तो दाखवू शकतो. लोलकातून पडलेल्या वर्णपटातले शुद्ध रंग, विशेषतः निळा-हिरवा, या हद्दीबाहेर असतात. म्हणून वर्णपटाचे पडद्यावरचे चित्र हे वर्णपटाला पर्याय नाही. लोलक उपलब्ध असेल, तर विद्यार्थ्यांना भिंतीवर पडलेला खरा वर्णपटच दाखवावा.

ठिपक्यांची युक्ती

थोड्या रंगांत अनेक छटा भासवण्याची युक्ती संगणकाहून जुनी आहे. वर्तमानपत्रातले कृष्णधवल छायाचित्र भिंगाखाली धरले, तर त्यात करडी शाई कोठेच सापडत नाही. आहेत ते लहान-मोठे काळे ठिपके. दुरून पाहताना डोळा ठिपके आणि कागद यांची सरासरी काढतो.

पनवेलहून बोरघाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेले की मळवली लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे या मळवलीला हलवला गेला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घराघरांतल्या भिंतींवर गेली. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे आणि शिळेवर चित्र उतरवणारा कारागीर छटा बारीक ठिपक्यांनी भरत असे. असे जुने चित्र घरात असेल, तर देवीच्या गालावर भिंग धरून पाहावे. गुलाबी, पिवळे आणि तपकिरी ठिपके वेगळे दिसतील. भिंग काढले की उरते ती सलग कांती.

संगणकाने हेच काम गणिताने केले. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत सोपी आहे. पिक्सेलला हवी ती छटा उपलब्ध नसेल, तर जवळची द्यावी आणि राहिलेली चूक शेजारच्या पुढच्या पिक्सेलांत वाटून टाकावी. एक पिक्सेल हवा त्याहून उजळ झाला, तर शेजारचे थोडे गडद होतात आणि सरासरी बरोबर येते. आकाशाच्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर दोन्ही छटांचे बिंदू एकमेकांत मिसळले, की सीमा उरत नाही आणि डोळ्याला पकडायला कड सापडत नाही.

म्हणूनच कधी कधी उलटा अनुभव येतो. मंद प्रकाशात घेतलेल्या चित्रात बारीक रवा पसरल्यासारखा दिसतो. हा संवेदकातला गोंगाट. तो नकोसा वाटून कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने तो पुसला, की चित्र गुळगुळीत होते आणि आकाशात पट्टे उमटतात. पट्ट्यांची कड मोडण्याचे काम तो रवाच करत होता.

दिसते त्याहून जास्त नोंदवायचे कशासाठी?

आठ बिट डोळ्याला जवळजवळ पुरतात, तर वैद्यकीय उपकरणे आणि उपग्रह दहा, बारा किंवा त्याहून जास्त बिट का वापरतात? कारण पाहणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत.

सीटी स्कॅनचे उदाहरण घेऊ. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर मिळाले. या यंत्रात शरीराच्या प्रत्येक भागाने क्ष-किरण किती अडवले याला एक संख्या देतात. हवेला उणे १,०००, पाण्याला शून्य, हाडाला त्याहून बरीच जास्त. ही संख्या साधारणपणे बारा बिटांत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांत नोंदवतात. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक असतो अवघ्या दहा-बारा एककांचा. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर सुरुवातीला हाच फरक पुसट होऊ लागतो, आणि डॉक्टरांना तो वेळीच दिसायला हवा असतो. ४,०९६ पायऱ्या सरसकट २५६ छटांत बसवल्या, तर १६ एककांना मिळून एकच छटा येते आणि हा फरक नाहीसा होतो. म्हणून डॉक्टर सगळी व्याप्ती एकदम पाहत नाहीत. मेंदू पाहताना ते ० ते ८० एवढीच खिडकी उघडतात. मग एका एककाला सुमारे तीन छटा मिळतात आणि दहा एककांचा फरक स्पष्ट दिसतो. हाड पाहायचे असेल, तर खिडकी बदलायची.

ही सोय मूळ नोंदीतच असते. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचा मोबाइलने फोटो काढून पाठवला, तर पाठवणाऱ्याने निवडलेली एकच खिडकी पुढे जाते आणि तीही दाबलेल्या फाइलमध्ये. पलीकडच्या डॉक्टरांना दुसरी खिडकी उघडून पाहता येत नाही, कारण ती माहिती फोटोत नसतेच. आज घरोघरी असे फोटो पाठवले जातात. सल्ल्यासाठी शक्य तेव्हा सीडीवर किंवा फाइलच्या रूपात मिळालेली मूळ नोंद द्यावी, एवढे तरी विद्यार्थ्यांमार्फत घराघरांत पोचवण्यासारखे आहे.

वैद्यकीय पडद्यांसाठी तयार झालेल्या मानकातही डोळ्याचाच हिशेब आहे. ०.०५ ते ४,००० कँडेला प्रति चौरस मीटर एवढ्या व्याप्तीत डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या पायऱ्या १,०२३ धरल्या आहेत. दहा बिटांत १,०२४ संख्या मावतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वैद्यकीय कामासाठी दहा बिटांचे पडदे का पसंत करतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण पुन्हा पनवेलच्या परिसरातले. उपग्रहावरून या भागाकडे पाहिले, तर खाडीच्या काठची तिवरांची झाडी अवरक्त प्रकाशात अतिशय उजळ दिसते. खाडीचे पाणी मात्र जवळजवळ काळे दिसते, कारण पाणी हा प्रकाश शोषून घेते. उजळ झाडीही मावली पाहिजे, म्हणून मोजपट्टी लांब ठेवावी लागते; परिणामी पाण्यातले सगळे भेद तळाच्या थोड्या पायऱ्यांत कोंबले जातात. गाळाचे पाणी कोठे आणि निवळ कोठे, हे शोधायचे तर नेमक्या तेथेच बारीक पायऱ्या हव्यात. २००३ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ वरच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या नोंदी सात बिटांच्या, म्हणजे १२८ पायऱ्यांच्या होत्या. २०११ मधल्या रिसोर्ससॅट-२ वर त्या दहा बिटांच्या, म्हणजे १,०२४ पायऱ्यांच्या झाल्या. जेथे पूर्वी एक पायरी होती, तेथे आठ झाल्या. डोळ्याला त्या सगळ्या एकदम दिसत नाहीत. पण संगणक त्या ताणून डोळ्यासमोर मांडू शकतो. नोंदीत जे नाही, ते मात्र कोणताही संगणक नंतर आणू शकत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मोबाइलच्या पडद्यावर कोरे पांढरे चित्र उघडावे आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवावा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. प्रयोगानंतर पडदा पुसून घ्यावा.

२. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या पडद्यावर काळ्या भागात एक बारीक पिवळी रेघ दाखवावी आणि तिचे प्रतिबिंब जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत तिरके पाहावे. पिवळ्या रेघेच्या वर्णपटात लाल आणि हिरवा वेगळे होतात. दुरून मिठाच्या पिवळ्या ज्योतीचे प्रतिबिंब तसेच पाहून तुलना करावी. ज्योतीचा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

३. चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ काळी, एक ओळ पांढरी अशी एकेक पिक्सेलच्या रेघांची पट्टी काढावी. तिच्या एका बाजूला १२८ चा आणि दुसऱ्या बाजूला १८८ चा करडा चौकोन ठेवावा. चित्र मूळ आकारातच ठेवून रेघा दिसेनाशा होईपर्यंत मागे सरकावे. पट्टी कोणत्या चौकोनाशी जुळते? नियम सांगण्याआधी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगावा.

४. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी एकच पट्टी ८, १६, ३२, ६४ आणि २५६ छटांत तयार करावी. सीमारेषा दिसणे कोणत्या पट्टीत थांबते, हे प्रत्येकाने वेगवेगळे नोंदवावे आणि फळ्यावर आलेख काढावा. मग दिवे मालवून पुन्हा पाहावे. खोलीतला प्रकाश बदलला की उत्तर बदलते का?

चौथ्या प्रयोगात सगळ्यांचे उत्तर सारखे येणार नाही, आणि ते यावे असा आग्रहही धरू नये. ‘रंग किती पुरेत’ या प्रश्नाचे उत्तर कोणी पाहायचे, किती प्रकाशात आणि कशासाठी, यावर अवलंबून असते. सणाच्या चित्राला आठ बिट भरपूर होतात, संध्याकाळच्या आकाशाला ते जेमतेम पुरतात, आणि मेंदूच्या सीटी स्कॅनच्या नोंदीला तर अपुरेच पडतात.